गोड-खारे चिरोटे

दोन वाट्या मैदा, दोन टेबलस्पून बारीक रवा, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा भरडलेलं जिरं. त्यावर तीन टेबलस्पून तुपाचं कडकडीत मोहन घालून पीठ घट्ट भिजवा, अर्धा तास झाका.

खरी मेख साट्यात. तीन टेबलस्पून घट्ट तूप तेवढ्याच तांदळाच्या पिठाबरोबर पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसा. मुंबईच्या उकाड्यात साटा पातळ होतो, कडेने बाहेर येतो आणि पापुद्रे चिकटतात. म्हणून वाटी फ्रिजमध्येच ठेवा.

तीन पातळ पोळ्या साटा लावत एकावर एक ठेवा, घट्ट गुंडाळी करा, पंधरा मिनिटं गार करा. इंचभर तुकडे कापा. कापलेली बाजू वर ठेवून मधोमध हलकेच लाटा. कडांवर लाटणं फिरलं की पदर मिटलेच.

तेल मध्यम तापवा, चिरोटा सोडल्यावर आच मंद करा आणि झाऱ्याने वर तेल उडवत राहा. आच मोठी राहिली तर बाहेरून लाल, आत कच्चा.

पिठीसाखर कोमट चिरोट्यावरच भुरभुरवा. गरमावर ती विरघळून चिकट होते, पार गार झाल्यावर धरत नाही. पावसाळ्यात पिठीसाखर खायच्या वेळीच घाला.