सेलमध्ये गिटार घेताय? पिकअपच्या बाबतीत या चुका टाळा

रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. काळ्या गिटारचा फोटो, खोडलेली मूळ किंमत, शेजारी लाल अक्षरांत सूट आणि खाली त्याचं एकच वाक्य: "मामा, हंबकर १४ के चे आहेत, घेऊ का?" मी त्याला झोपायला सांगितलं. सेल सकाळपर्यंत संपत नाही, आणि संपलाच तर पुढच्या सणाला पुन्हा लागतो.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांचं कंपन विजेत बदलणारा, चुंबक आणि बारीक तारेच्या गुंडाळीचा भाग. हंबकर हा त्यातला दोन गुंडाळ्यांचा प्रकार. त्या '१४ के'पासूनच सुरुवात करू.

आकडा म्हणजे आवाज नव्हे

हा आकडा म्हणजे पिकअपच्या गुंडाळीचा रोध, किलोओहममध्ये मोजलेला. लोक तो बाइकच्या सीसीसारखा वाचतात. पण गुंडाळीत तार बारीक वापरली की तेवढ्याच वेढ्यांना रोध जास्त येतो, आणि चुंबक किती जोरदार आहे ते या आकड्यात दिसतच नाही. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारचे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप, साधारण साडेपाच ते सातच्या घरात असतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर तयार केला. पुढे १९५७ पासून त्यांच्या लेस पॉल गिटारवर 'पेटंट अप्लाइड फॉर'ची चिठ्ठी लावलेले जे हंबकर आले, ते सात ते नऊ के च्या आसपासचे. आज लोक त्यांच्यासाठी वेडी किंमत मोजतात. भाच्याच्या हिशेबाने ते निम्म्या ताकदीचे ठरले असते.

एकाच जातीचे, एकाच जाडीच्या तारेचे आणि सारख्या चुंबकाचे दोन पिकअप असतील, तरच हा आकडा तुलनेला घ्या.

'अल्निको चुंबक चांगला, सिरॅमिक टाकाऊ' हाही असाच गैरसमज. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा १९७२ पासूनचा गाजलेला हंबकर, आणि त्यात सिरॅमिक चुंबकच आहे. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये मात्र चुंबकाचा फरक खरोखर ऐकू येतो, कारण तिथे बऱ्याचदा लोखंडी खिळ्यांखाली सिरॅमिकची पट्टी चिकटवून काम भागवलेलं असतं. यामाहाची पॅसिफिका ०१२ आणि ११२व्ही लांबून जुळ्या बहिणी वाटतात. ०१२ मध्ये सिरॅमिक पिकअप आहेत. ११२व्ही मध्ये अल्निको आहेत, शिवाय टोनची खुंटी वर ओढली की हंबकरची एक गुंडाळी बंद होते. दोघींच्या किमतीतला फरक कशाचा, ते हे पाहिलं की कळतं. सुटीची टक्केवारी नंतर बघा.

दुकानातली तुलना बहुतेक वेळा खोटी असते

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. एका गिटारवर पावसाळाभर टांगून गंजलेल्या तारा, दुसरीवर कालच चढवलेल्या. एक मोठ्या अँपला, दुसरी छोट्याला. वर विक्रेता डिस्टॉर्शन चढवून देतो, आणि त्या घोंगाटात सगळेच पिकअप भाऊ-भाऊ वाटतात. मोबाइलच्या स्पीकरवर तुलनेचे व्हिडिओ बघून ठरवणं तर त्याहून वाईट.

आणखी एक कानाची खोड आहे: किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. म्हणून अँप एकच, केबल तीच, क्लीन चॅनेल, रिव्हर्ब बंद, आणि दुसरी गिटार लावली की अँपचा आवाज कानाने पहिलीच्या बरोबरीला आणायचा. एकच तुकडा दोन्हींवर वाजवा. मग गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. आवाजाची धार तिथे पार गेली, तर घरी कमी आवाजात वाजवताना ती गिटार मरगळलेली वाटणार.

पिकअपची उंची तर कोणी बघतच नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि तार ते पिकअप हे अंतर कंपासमधल्या स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. नेककडचा सिंगल कॉइल फार वर असेल, तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारेवर वरच्या फ्रेटला एकाच वेळी दोन सूर डगमगत असल्यासारखं ऐकू येतं. ट्यूनर कितीही पिळा, ते जात नाही. पिकअपच्या बाजूचा स्क्रू एक-दीड फेरा फिरवून तो खाली घेतला की जातं. अशी 'खराब' गिटार मी स्वतः स्वस्तात उचलली आहे.

घूं आवाज आला म्हणजे पिकअप बिघडला नाही

मी एकदा नवीन गिटार घरघर करते म्हणून बदलून आणली. बदललेलीही घरघर करू लागली. दोष माझ्या खोलीचा होता: पंख्याचा रेग्युलेटर, अँपला चिकटून लॅपटॉपचा चार्जर, आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नावापुरतं. सिंगल कॉइल ही घरातली ५० हर्ट्झची वीज ऐकतोच. हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलट-सुलट जोडलेल्या असतात, म्हणून तिथे ती एकमेकींना खोडते.

गिटार लावा आणि खुर्चीत गोल फिरा. दिशेप्रमाणे घरघर कमी-जास्त झाली तर ती हवेतून येते आहे, पिकअप ठणठणीत आहे. तारांना हात लावल्यावर कमी झाली तर तेही ठीकच. हात लावल्यावर वाढली, तर जॅकच्या दोन वायरी उलट डाखलेल्या असण्याची शक्यता मोठी. आणि बोटांना झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, प्लग काढा, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

'पिकअप नंतर बदलू'

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे, कधी स्वतःच्याच तोंडून. स्वस्त गिटारमध्ये पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या खुंट्यांखालचे फिरते रोध, लहान असतात, मोठे बसवायचे तर भोकं रुंदावावी लागतात. ब्रिजचं तारांमधलं अंतर आणि हंबकरच्या खिळ्यांचं अंतर जुळेलच असं नाही. सिंगल कॉइल काढून हंबकर टाकायचा तर पॉटही २५० ऐवजी ५०० के चे घ्यावे लागतात. शिवाय डाखकाम. सवलतीत वाचलेले पैसे इथे गुपचूप निघून जातात.

तरीही माझं मत असं की पिकअप दुय्यम. ते स्क्रू आणि सोल्डरने बदलता येतात. वाकडी नेक, कडेला बोटं कापणारे फ्रेट, सैल चाव्या हे निस्तरायला जास्त खर्च आणि जास्त मनस्ताप. म्हणून अँप चालू करण्याआधी पाच मिनिटं गिटार नुसती कोरडीच वाजवून बघा. खरी स्वस्ताई पाहिजे तर गेल्या वर्षीचं मॉडेल किंवा कोणाला नको असलेला रंग विचारा. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम, कुरिअर आणि इथे न चालणारी वॉरंटी हे तिन्ही धरूनच बेरीज करा.

भाच्याने शेवटी पिस्ता रंगाची घेतली. काळीपेक्षा स्वस्त. चौथ्या दिवशी फोन: "मामा, मधला पिकअप मेलाय." त्याला म्हटलं, अँप बारीक ठेव, स्विच मध्यावर आण आणि पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक कर. काहीच आवाज नाही. मग स्विचचाच संशय आला, म्हणून तो पाच जागांचा स्विच वीसेक वेळा खटाखट इकडून तिकडे करायला लावला. बाराव्या-तेराव्या खेपेला पलीकडून अँपचा टक् असा आवाज फोनवरच ऐकू आला.