हॅलोवीनबाबत मन द्विधा असलेल्या पालकांनी काय करावे

हॅलोवीनला, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, अमेरिकेत मुले सोंगे घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. सप्टेंबर संपता संपता ती विचारू लागतात, "या वर्षी मी कोण होऊ?" आणि पालकाच्या मनात एकाच वेळी दोन उत्तरे उमटतात. मुलाचा उत्साह पाहून आपणही हरखतो, पण सांगाडे, थडगी आणि खोट्या रक्ताने सजवलेल्या अंगणांतून त्याला फिरवायचे या विचाराने मन मागे सरते. ही ओढाताण मिटेपर्यंत थांबू नये. माझी अजूनही मिटलेली नाही. मात्र त्या संध्याकाळी मूल सोंग घेऊन दारात उभे असताना ती त्याच्यासमोर उकलत बसणे योग्य नाही, म्हणून काय करायचे आणि काय नाही हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच ठरवावे. दोघा पालकांचे मत वेगळे असेल, तर तो वाद मुले झोपल्यावर घालावा.

"हॅलोवीन नको" ही सहसा एक तक्रार नसते, तर चार-पाच तक्रारींची मोळी असते: धर्म, मृत्यूची थट्टा, साखर, खर्च आणि लोकांच्या दारात जाऊन मागणे. ती मोळी आधी सोडावी, कारण प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे.

हरकत धर्माची असेल, तर सणाचा उगम एकदा पाहून घ्यावा. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांचा साउइन हा हिवाळ्याच्या तोंडावरचा सण होता. पुढे 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या पूर्वसंध्येच्या इंग्रजी नावावरून हॅलोवीन हा शब्द आला. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे केले जात, तर अमेरिकेत त्यांची जागा भोपळ्याने घेतली. वेश करून दारोदार गोळ्या मागण्याची आजची रीत मात्र उत्तर अमेरिकेत 1920 आणि 1930 च्या दशकांत पसरली आणि दुसऱ्या महायुद्धातील साखरेच्या रेशनिंगने ती काही वर्षे मंदावलीही. थोडक्यात, ज्याला आपण पुरातन समजून बिचकतो, त्यातले बरेचसे आजी-पणजीच्या वयाचे आहे. हे कळूनही मन मानत नसेल, तर खुशाल नाही म्हणावे, पण "ते लोक वाईट करतात" असे मुलाला सांगू नये, कारण ते लोक म्हणजे त्याच्याच वर्गातली मुले असतात.

भीतीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लहान मुलाला मुखवट्यामागे ओळखीचाच माणूस आहे हे सांगून पटत नाही, ते पाहावे लागते. म्हणून आदल्या आठवड्यात आरशासमोर बसून मुखवटा आपणच सावकाश चढवावा, सावकाश उतरवावा आणि मग तो मुलाच्या हाती द्यावा. ज्या रस्त्याने जायचे तेथून दिवसा उजेडी एक फेरी मारावी, म्हणजे झाडाला लटकणारे भूत कापडाचे आहे आणि त्याच्या मागून वायर गेली आहे हे त्याला दिसते. एवढे करूनही फसगत होते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना डायनासोर झाला होता. तिसऱ्या घराच्या पायरीवर सांगाडा होता आणि जवळ जाताच तो खदाखदा हसू लागला. मुलगा रडला नाही. आपली शेपटी दोन्ही हातांनी धरून जागच्या जागी उभा राहिला. हाडे प्लास्टिकची आहेत असे मी म्हणताच तो म्हणाला, "मला माहीत आहे, पण माझ्या पोटाला माहीत नाही." आम्ही घरी परतलो आणि उरलेली संध्याकाळ त्याने आमच्याच दारात येणाऱ्यांना गोळ्या वाटल्या. तेव्हापासून आमच्याकडे एक खूण ठरलेली आहे: हात दोनदा दाबला की मुकाट्याने मागे फिरायचे, "एवढ्याला काय घाबरतोस" असे कोणी म्हणायचे नाही.

मागणे खटकत असेल, तर वाटण्याचे कामही मुलाला द्यावे. निम्मा वेळ फिरावे, निम्मा वेळ दारात बसावे. युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या संस्थेकरिता डबे घेऊन पैसे जमवण्याची प्रथा 1950 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली, तोही एक मार्ग आहे. दारात निळसर हिरवा भोपळा ठेवला की येथे खाण्याऐवजी छोटी खेळणी किंवा स्टिकर मिळतील असे ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांना कळते.

साखरेवर फार शक्ती खर्च करू नये. किती खायचे आणि उरलेल्याचे काय करायचे हे निघण्यापूर्वी ठरवावे, पिशवी भरल्यावर नव्हे. अनोळखी माणसे गोळ्यांत विष घालतात ही धास्ती वास्तवापेक्षा खूपच मोठी आहे. 1974 मध्ये टेक्सासमधील ज्या मुलाचा विष घातलेल्या खाऊने मृत्यू झाला, त्याला तो त्याच्याच वडिलांनी दिला होता. फाटलेली वेष्टने टाकून द्यावीत आणि चार वर्षांखालील मुलांना कडक गोळ्या व दाणे देऊ नयेत, कारण ते घशात अडकतात. खरा धोका मोटारींचा आहे, म्हणून दृष्टी अडवणाऱ्या मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा, कपड्यांवर चमकणारी पट्टी लावावी, पायघोळ झगा घोट्याच्या वर शिवून घ्यावा आणि भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा.

सहभागी व्हायचे नसेल, तर दारावरचा दिवा बंद ठेवावा. या घरी येऊ नये हा संकेत तेथे सर्वांना ठाऊक असतो. शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम आहे का हे शिक्षकांना आधीच विचारावे आणि ती संध्याकाळ मोकळी न सोडता मुलाच्या आवडीचे काहीतरी घरी ठरवावे.

कोरलेला भोपळा थोड्याच दिवसांत आतून बुरसटतो. तो कंपोस्टमध्ये टाकताना काय आवडले आणि कशाची भीती वाटली हे मुलाला विचारावे आणि त्याचे उत्तर कोठेतरी लिहून ठेवावे, कारण पुढच्या सप्टेंबरपर्यंत ते दोघांच्याही लक्षात राहत नाही.