बाल्कनीतली गांडुळं: पेटी भरण्यापासून कुंडीत खत घालेपर्यंत

घरची गांडूळखताची पेटी बंद पडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. पाणी जास्त होतं, नाहीतर खाणं जास्त होतं. हौसेने आणलेली गांडुळं उपाशी क्वचितच मरतात. आठवड्याभराच्या भाज्यांच्या साली एकदम अंगावर पडल्या की त्या सडतात, तापतात आणि खालची हवा संपते. गांडूळ कातडीने श्वास घेतं, आणि त्यासाठी ती कातडी ओलसर लागते. पण पाणी तुंबलं की प्राणवायूच मिळत नाही. म्हणून पेटीकडे कचऱ्याचा डबा म्हणून न बघता गोठा म्हणून बघा. गाय खाईल तेवढीच वैरण आपण टाकतो, इथेही तेच.

गांडुळं कोणती आणावीत

पावसाळ्यात अंगणात दिसणारी गांडुळं गोळा करून पेटीत टाकू नका. त्यातली बरीचशी मातीत खोल बिळं करून राहणारी असतात, त्यांना पेटी मानवत नाही. आपल्याला हवीत ती वरच्या थरात, कुजणाऱ्या पाल्यात राहणारी. आपल्याकडे दोन जाती सहज मिळतात. आयसेनिया फेटिडा म्हणजे लालसर, अंगावर फिकट पिवळे पट्टे असलेलं लहान गांडूळ. युड्रिलस युजेनी आकाराने मोठं, जांभळट झाक असलेलं आणि खायला जोरदार, पण त्याला थंडी सोसत नाही. कोकण-मुंबईच्या हवेत युड्रिलस छान वाढतं. नाशिक-पुण्याकडच्या थंडीचा विचार केला तर मी आयसेनिया घेईन.

कृषी विज्ञान केंद्रं, राहुरी, दापोली, अकोला, परभणी इथली कृषी विद्यापीठं आणि खत तयार करणारे शेतकरी यांच्याकडे चौकशी करा. 'गांडूळ कल्चर' (म्हणजे वाढवण्यासाठी मिळणारी गांडुळं) मागा. सांगितलेलं वजन नुसत्या गांडुळांचं आहे की खतासकट, हे आधी विचारून घ्या, कारण दोन्हींत पुष्कळ फरक पडतो. एका पेटीला अर्धा किलो गांडुळं पुरतात.

पेटी आणि अंथरूण

४०-५० लिटरचा पसरट प्लास्टिकचा टब किंवा भाजीचा क्रेट घ्या. ही गांडुळं वरच्या वीतभर थरातच वावरतात, त्यामुळे उंच ड्रम घेऊन उपयोग नाही. टबाच्या तळाला आणि वरच्या कडेला भोकं पाडा. क्रेट असेल तर आतून शेडनेट किंवा गोणपाट लावा. पेटी स्टुलावर ठेवा, खाली ताट ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही टाळा.

तळाला दोन-तीन इंच नारळाच्या शेंड्या पसरा. त्यावर सहा इंच अंथरूण: भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सुका पाला, वर्तमानपत्राच्या पट्ट्या (गुळगुळीत रंगीत कागद नको) आणि जुनं शेण. शेण ताजं असेल तर ते तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो, म्हणून ते दोन-तीन आठवडे सावलीत मुरू द्या. शेवटी मूठभर बागेतली माती मिसळा. गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटातली पेषणी मातीच्या बारीक कणांच्या मदतीने अन्न दळते.

ओल तपासायची रीत सोपी आहे. मूठभर अंथरूण घट्ट पिळा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर सुका पाला घाला, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. अंथरूण दोन-तीन दिवस तसंच राहू द्या आणि मध्यभागी हात घालून बघा. गरम लागत नसेल तरच संध्याकाळी गांडुळं वर पसरा. ती आपणहून खाली जातात. पहिल्या रात्री पेटीजवळ दिवा चालू ठेवा: नव्या जागेत बिथरलेली गांडुळं अंधारात बाहेर पडतात, उजेड असला की आत राहतात.

खाणं

पहिले चार-पाच दिवस काहीही देऊ नका. मग मूठभर बारीक चिरलेल्या साली एका कोपऱ्यात अंथरुणाखाली पुरा आणि वर ओलं गोणपाट टाका. पुढचा घास दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तोही पहिला जवळजवळ संपल्यावर. हा एक नियम पाळला तर बाकीच्या अर्ध्या अडचणी येतच नाहीत.

चांगली रुळलेली गांडुळं आपल्या वजनाच्या साधारण निम्मं अन्न रोज खाऊ शकतात, म्हणजे अर्ध्या किलोला पाव किलोच्या आसपास. पण तिथपर्यंत पोचायला दोन-तीन महिने द्या. चौघांच्या घरातला सगळा ओला कचरा एका पेटीत जिरणार नाही, उरलेल्यासाठी साधी कंपोस्टची बादली वेगळी ठेवा.

दुधीच्या, काकडीच्या, केळ्याच्या साली, पालेभाज्यांचे देठ, फ्लॉवरची पानं त्यांना आवडतात. चहाचा चोथाही चालतो, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो, तेव्हा तो धुऊनच घाला. अंड्याची टरफलं वाळवून कुटून घाला, त्याने आंबटपणा कमी होतो. निर्माल्यातली फुलं घालायची तर दोरा, तार, जरीचे धागे काढून टाका. लिंबू-मोसंबीच्या साली, कांदा, लसूण, मिरच्या, लोणचं, फोडणीची भाजी, दूध-दही, मांस-मासे मात्र नकोत. प्रत्येक वेळी सालींइतकाच सुका पाला घालायचा.

बिघडलं तर

पेटीला ओल्या मातीचा वास यायला हवा. कुबट वास आला की खाणं थांबवा, सुका पाला मिसळा आणि हाताने थर हलकेच मोकळा करा. चिलटं झाली तर साली उघड्या राहताहेत. मुंग्या आल्या तर अंथरूण कोरडं पडलं आहे. पावसाआधी काही गांडुळं भिंतीवर चढतात, त्याची काळजी नको. रोज आणि पुष्कळ चढू लागली तर आत ओल, उष्णता किंवा आंबटपणा वाढलेला असतो.

उन्हाळ्यात जास्त लक्ष द्या. १५ ते ३० अंश सेल्सिअस हे त्यांचं सुखाचं तापमान. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पेटी सरळ घरात, थंड फरशीवर आणा, गोणपाट दिवसातून दोनदा भिजवा आणि खाणं निम्मं करा. घरात पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पेटी दुसरीकडे हलवा.

ताटात झिरपणारं पाणी म्हणजे व्हर्मिवॉश (गांडूळखतातून मिळणारं पातळ खत), असा समज आहे. पण त्यात अर्धवट कुजलेल्या अन्नाचा रसही असतो. वास चांगला असेल तर दहापट पाणी मिसळून मोठ्या झाडांच्या मातीत घाला, कच्च्या खायच्या पानांवर फवारू नका. घाण वास असेल तर ओतून द्या. ताट रोज भरत असेल तर पेटी जादा ओली आहे.

खत काढणं

अडीच-तीन महिन्यांत अंथरूण काळपट आणि रवाळ होतं. चार-पाच दिवस पाणी बंद ठेवा. मग सगळं प्लास्टिकच्या कागदावर उजेडात (उन्हात नव्हे) शंकूसारखे ढीग करून ठेवा. उजेड टाळायला गांडुळं खाली सरकतात. वीसेक मिनिटांनी वरचा थर काढून घ्या, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गुंता उरतो, तो नव्या अंथरुणात सोडा. खत चाळताना मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळट-तपकिरी, टोकदार दाणे दिसतील. हे गांडुळांचे कोष. एकेका कोषातून बहुधा दोन-चार पिल्लं निघतात, तेव्हा ते वेचून पेटीत परत टाका.

खत कडक उन्हात वाळवू नका. त्यातले सूक्ष्म जीव हीच त्याची खरी किंमत. सावलीत, किंचित ओलसर असतानाच गोणपाटाच्या पिशवीत ठेवा.

कुंडीत घालताना

नुसत्या गांडूळखतात झाड लावू नका. ते पाणी फार धरून ठेवतं आणि घट्ट बसतं. नवी कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत पुरेसं आहे. रोपांच्या ट्रेसाठीही चौथा हिस्सा भरपूर झाला. लावलेल्या झाडांना महिन्यातून एकदा द्या: आठ इंची कुंडीला एक मूठ, बारा इंचीला दोन. वरची इंचभर माती उकरून खत मिसळा, वर पाला पसरा, मग पाणी घाला. उघडं ठेवलं तर ते वाळून कडक होतं.

मिरची-टोमॅटोला फुलं धरताना, मोगरा-गुलाबाला छाटणीनंतर, कढीपत्त्याला नवी फूट येताना दिलं तर फरक चांगला दिसतो. अडेनियम आणि निवडुंगांना मात्र वर्षातून एखादा चमचाच, तोही माती कोरडी असताना.