लिनक्सवर हुदिनी टाकायचंय? आधी ड्रायव्हर बघा

हुदिनी हे थ्रीडी अ‍ॅनिमेशन आणि इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर लिनक्सवर मस्त चालतं, पण बरेच जण डाउनलोड केलं की लगेच इन्स्टॉलर चालवतात आणि मग विंडो काळी येते किंवा उघडताच बंद पडते. खरं काम ग्राफिक्स ड्रायव्हरचं आहे, ते आधी उरका.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर लिनक्ससोबत येणारा नूव्हो ड्रायव्हर पुरत नाही, कंपनीचाच टाकावा लागतो, आणि तो शक्यतो आपल्या डिस्ट्रोच्या (म्हणजे उबंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) पॅकेज मॅनेजरमधूनच घ्या कारण साइटवरची रन फाइल हाताने टाकली तर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर डिस्प्ले जाऊ शकतो. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सेटिंग) चालू असेल तर ड्रायव्हर इन्स्टॉल करताना उबंटू एक पासवर्ड मागतं, रीस्टार्टला निळी स्क्रीन येते तिथे एनरोल मॉक निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ती स्क्रीन सोडून दिली तर ड्रायव्हर लोडच होत नाही, बरेच जण इथेच अडकतात. शेवटी टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चालवा, कार्डाचं नाव दिसलं म्हणजे झालं.

आता हुदिनी बनवणाऱ्या साइडएफएक्स कंपनीच्या साइटवर लॉगिन करून लिनक्सची टार फाइल घ्या, एक्स्ट्रॅक्ट करा आणि त्या फोल्डरमध्ये जाऊन सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) हुदिनी डॉट इन्स्टॉल ही स्क्रिप्ट चालवा. ती लायसन्स सर्व्हर हवा का वगैरे विचारते, एकट्याचं मशीन असेल तर हो म्हणा. सगळं ऑप्ट फोल्डरमध्ये एचएफएस आणि पुढे व्हर्जन नंबर अशा फोल्डरमध्ये जातं त्यामुळे जुनं व्हर्जन शेजारी तसंच ठेवता येतं, चालू प्रोजेक्ट मध्येच नवीन व्हर्जनवर नेऊ नका प्लीज.

टर्मिनलमधून चालवायचं तर आधी त्या फोल्डरमध्ये सीडी करा, मग हुदिनी_सेटअप ही फाइल सोर्स करा, म्हणजे सोर्स कमांडने त्याच टर्मिनलमध्ये वाचून घ्या. नुसती चालवून उपयोग नाही, तिने सेट केलेले पाथ आपल्या टर्मिनलला मिळत नाहीत. मग हुदिनी टाइप करा, लायसन्स विचारेल, शिकायला अप्रेंटिस ही आवृत्ती फुकट आहे.

उघडलं, पण ऑल्ट दाबून माउस ओढला की सीन फिरायच्या ऐवजी अख्खी विंडोच सरकते? एक्सएफसीईसारख्या डेस्कटॉपवर हे हमखास होतं, ऑल्ट तिथे विंडो हलवायला ठेवलेला असतो. विंडो मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ऑल्टच्या जागी सुपर की (विंडोजच्या चिन्हाची) द्या, लगेच नीट फिरायला लागेल.