सुरीनामच्या मळ्यांवरचे गुलाम पूर्वज शोधायचे कसे

दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या तेव्हाच्या डच वसाहतीतले गुलाम पूर्वज शोधायचे तर आधी 1863 ची मुक्तीची यादी बघा, कारण त्याआधी गुलामांना आडनावच नव्हतं, 1 जुलैला गुलामी संपली तेव्हा ते मिळालं. त्या यादीतून मळ्याचं नाव घ्या आणि मग 1830 ते 1863 च्या गुलाम नोंदवह्या उघडा, ऑनलाइन आहेत, मालक नि मळ्यानुसार लावलेल्या. आईचं नाव सापडलं की मागे जाता येतं, बापाचं लिहीतच नसत, वाचताना फार त्रास होतो हो. आणि मुक्तीनंतरही 10 वर्षं कराराने राबायची सक्ती होतीच! 1873 पासून मळ्यांवर करारावर आणलेल्या भारतीय मजुरांची यादी वेगळी आहे, तिथे जहाजाच्या नावावरून शोधा, पहिलं जहाज लल्ला रुख, कलकत्त्याहून.