इंदूरहून गुरूचा तांबडा डाग कसा टिपावा

गुरूचा तांबडा डाग म्हणजे त्याच्या ढगांतले प्रचंड वादळ. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू प्रतियुतीला (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला) येईल, तेव्हा मध्यरात्रीनंतर तो इंदूरच्या आकाशात सुमारे ८२ अंश उंच असेल. इतक्या उंचीवर प्रकाशाला हवेचा अगदी पातळ थर ओलांडावा लागतो आणि कडांना लाल-निळी झालर येत नाही. ती घालवणारे प्रिझम विकत घेऊ नका, ते पैसे चांगल्या बार्लोवर (प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगावर) घाला.

मात्र डॉब्सोनियन (साध्या फिरत्या तळावर बसवलेली आरशाची) दुर्बीण अगदी डोक्यावर रोखली की आडवी फिरवणे अवघड होते आणि गुरू निसटतो. म्हणून प्रतियुतीच्या सुमारास रात्री साडेदहा ते साडेअकरा, गुरू ६० ते ७५ अंशांवर असताना चित्रण उरका.

गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो आणि गुरूची कड उकळल्यासारखी दिसते. अंगणातली माती किंवा हिरवळ केव्हाही बरी. आरसा थंड व्हायला दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा. शहराच्या उजेडाची चिंता नको, गुरू पुरेसा तेजस्वी आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारा पश्चिमी जेट प्रवाह (उंचावरचा वेगवान वारा) खरा घात करतो. हवामानाच्या नकाशात २०० हेक्टोपास्कल दाबाच्या, म्हणजे खूप उंचावरच्या पातळीवरचा वारा बघा. तो माळव्यावर जोरात असेल तर त्या रात्री फक्त कॉलिमेशन (आरशांची जुळणी) नीट करून घ्या.

आता जोडणी. कॅमेऱ्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे एफ/१५ च्या (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या १५ पट) आसपास जायचे. २०० मिमी, एफ/६ दुर्बिणीला २.५ पट बार्लो लावला की काम झाले. कॅमेरा बार्लोपासून जितका लांब, तितके वर्धन वाढते. उगाच जोडनळ्या घालू नका. रंगीत कॅमेऱ्यापुढे यूव्ही-आयआर कट (अतिनील व अवरक्त प्रकाश अडवणारा) फिल्टर हवाच, नाहीतर अवरक्त प्रकाश मिसळून पट्टे फिके पडतात.

डाग समोर कधी येतो हे आधी काढा. त्याची फेरी सुमारे ९ तास ५५ मिनिटे ४१ सेकंदांची असते. एकदा तो बिंबाच्या मध्यरेषेवर दिसला की पाच फेऱ्यांनी, म्हणजे दोन दिवस आणि १ तास ३८ मिनिटांनी, पुन्हा तिथेच येतो. मध्यरेषेच्या आधी-नंतरची पन्नासेक मिनिटे उत्तम. पुढे तो कडेला चपटा होतो. डॉब्सोनियनसारख्या न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीत प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे दक्षिणेतला हा डाग वरच्या अर्ध्यात शोधा.

एक व्हिडिओ दोन मिनिटांचा, त्याहून लांब नको. बिंबाच्या मध्यावरचे ढग मिनिटाला सुमारे ०.२४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. दोन मिनिटांत जवळपास अर्धी विकला झाली, आणि २०० मिमी दुर्बिणीची भेदनक्षमताच ०.५८ विकला आहे. फायरकॅप्चर या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४० × ४८० पिक्सेलची चौकट, एसईआर प्रकारची व्हिडिओ फाइल, ८ मिलिसेकंद एक्सपोजर. गेन (संवेदनशीलता) असा की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६० ते ७० टक्क्यांवर थांबेल. सेकंदाला १०० फ्रेम मिळाल्या तर बारा हजार होतात. फोकस गुरूच्या चंद्रांवर करा आणि दर व्हिडिओआधी पुन्हा तपासा. थंडी वाढते तशी नळी आकसते. दुर्बीण गुरूमागे फिरवणारी मोटर नसेल तर सेन्सरची पूर्ण रुंदी वापरा: गुरू त्यातून पंचवीसेक सेकंदांत पार होतो. असे चार-पाच तुकडे घेऊन पिप या सॉफ्टवेअरमध्ये गुरू मध्यावर आणा.

ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम एकत्र रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम २० टक्के फ्रेम घ्या, मग रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट (तपशिलाला धार देणारी प्रक्रिया). बिंबाच्या कडेला पांढरी कड उमटली की धार जास्त झाली. लगेच मागे या. विषुववृत्ताजवळच्या निळसर झालरी आणि डागामागचे खळबळते ढग नैसर्गिक दिसले पाहिजेत. जास्त व्हिडिओ असतील तर विनजूपॉस या सॉफ्टवेअरने गुरूची फिरकी भरून काढता येते.

वेळ मात्र काटेकोर लिहा. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपिन्सचे हौशी निरीक्षक क्रिस्टोफर गो यांच्या चित्रांत ओव्हल बीए हा पांढरा डाग तांबूस झाल्याचे दिसले. असा बदल केव्हा घडला हे तारीख-वेळेवरूनच ठरते. नोंद जागतिक वेळेत करा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. ११ फेब्रुवारीच्या रात्री दीड वाजताच्या व्हिडिओवर १० फेब्रुवारी, २०:०० असे पडेल.