मधपेटीचा किट जोडताना पेटी तिरकी होऊ नये म्हणून

डाळिंबाच्या बागेत ठेवायला मधपेटीचा किट आणला आणि चार फळ्या ठोकून डबा केला तर तो हमखास गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, बसत नाही, मग माश्या ज्यात पोळं बांधतात त्या चौकटी आत अडकतात नाहीतर एका बाजूला जास्त फट राहते आणि साधारण ९ मिलिमीटरच्या वर फट गेली की माश्या तिथं पोळं बांधून सगळं चिकटवून टाकतात.

यावर सोपा उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब आणि एक सुतळी.

१. आधी गोंद न लावता सगळं जोडून बघा, हात घालायच्या खाचा बाहेरच्या बाजूला आल्यात ना ते पण बघा.
२. मग गोंद लावा, पण सावलीत बसून, सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात तो हातातच वाळतो.
३. ट्यूबची लांब पट्टी कापून डब्याभोवती ताणून गुंडाळा, क्लॅम्प विकत घ्यायची गरजच नाही.
४. आता सुतळी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणून गाठ मारा, तीच दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरा. कमी पडली तर ते तिरकं अंतर जास्त आहे, तिथले दोन कोपरे हातांनी आत दाबा, दोन्हीकडं गाठ बरोबर जुळेपर्यंत. ही पायरी अजिबात सोडू नका.
५. मगच खिळे ठोका, टोक हातोडीनं जरा बोथट करून, म्हणजे फळी चिरत नाही.

रंग फक्त बाहेरून द्यायचा, आतून बिलकुल नाही, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय माश्या सोडायच्या नाहीत.